टोचन

पिकअपच्या नाकाखालचा हूक सापडेना, तेव्हा धम्मानंद ऑफिसच्या पँटीनिशी डांबरावर गुडघे टेकून बसला. दोराचं एक टोक त्याच्या एसयूव्हीच्या मागच्या कडीला बांधून झालं होतं, दुसरं त्याच्या हातात होतं. वडकीच्या अलीकडे, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. बाजूने ट्रक गेला की दोन्ही हलत.

संघपाल वाकला. धम्मानंदच्या हातातला दोर त्याने घेतला, बंपरच्या आत हात घातला आणि खाली न बघताच दोर अडकवून त्यावर गाठी मारल्या. त्याची नजर समोरच्या, कापूस फुटलेल्या पऱ्हाटीच्या शेतावर होती.

त्याचं हे दुसरीकडे बघणं धम्मानंदला आवडत नसे. हल्ली तर जयभीमलाही तो भलतीकडेच बघत उत्तर द्यायचा. संघपाल धम्मानंदच्या धाकट्या बहिणीचा, मायाचा नवरा. नागपूरच्या कडेला वाडीला भाड्याच्या खोलीत राहायचा, स्वतःची पिकअप चालवायचा. कळमन्याच्या बाजारातून कांदा-लसूण भरून पांढरकवड्यापर्यंत पोचवायचा आणि रिकामी गाडी घेऊन परतायचा. धम्मानंद पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. नागपुरातच सक्करदऱ्याला त्याचं घर होतं, आणि वडील गेल्यापासून मायाला माहेर म्हणजे तोच होता. मेहुण्याला तो 'संघपालजी' म्हणायचा. त्या 'जी'मध्ये रीत होती, जवळीक नव्हती.

निदान गेल्या वर्षापासून तरी नव्हती. वर्षापूर्वी मायाने शाळेतलं खिचडी शिजवायचं काम अचानक सोडलं आणि ती नवऱ्याबरोबर प्रत्येक फेरीला जाऊ लागली. उजाडताच गाडीत बसायची, संध्याकाळी उतरायची. नात्यात कुजबूज सुरू झाली. नवऱ्याच्या मनात काही भरलं की तो बायकोला अशी नजरेखाली ठेवतो, असं धम्मानंदची बायको रीना म्हणाली होती. धम्मानंदने तेव्हा तिला गप्प केलं, पण ते वाक्य त्याच्या मनातून गेलं नाही. मायाचा चेहरा उन्हाने रापला, ती बारीक झाली, आणि विचारलं की विषय बदलायची.

आज सकाळी तिचा फोन आला. इंजिनातून धूर निघाला, आता ते फिरतच नाही, जवळ कोणी मेकॅनिक नाही. धम्मानंदने रजा टाकली आणि निघाला. एवढ्या लांबून ओढून आणण्यापेक्षा गाडी तिथेच कोणाला तरी विकून टाका, असं रीना म्हणाली होती. तो वाटभर वेगळाच विचार करत होता. आज गाडीबरोबर बहिणीलाही आणायचं. वाडीला नाही, सक्करदऱ्याला.

"माया, तू माह्या गाडीत बस," हात झटकत तो म्हणाला.

माया पिकअपच्या दाराशी उभी होती. इथेच बरं आहे, असं ती म्हणाली. धम्मानंदने ऐकलं नाही. टोचन लावलेली गाडी, तिचे ब्रेक धड लागत नाहीत. काही झालं तर दोघांनी कशाला सापडायचं, असं त्याने समजावलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं. माया नवऱ्याकडे बघत राहिली.

"जा," संघपाल म्हणाला. "भाऊ म्हणून राहिले तर जा. फोन लावून ठेव, मी स्पीकरवर ठेवतो."

ती एसयूव्हीत पुढच्या सीटवर बसली, पण समोर तोंड करून नाही. पाय वर घेऊन ती पूर्ण मागे वळली आणि मागच्या काचेतून पिकअपकडे बघू लागली. फोन कानाला होता.

"दोर ताणला," ती फोनमध्ये म्हणाली. "सोडा हॅन्डब्रेक."

गाड्या हलल्या. पहिला हिसका बसला, मग चाकं लयीत आली. धम्मानंदने चारही इंडिकेटर चालू ठेवले होते. कापसाचे दिवस होते. ताडपत्रीतून बाहेर फुगलेले ट्रॅक्टर हिंगणघाटच्या जिनिंगकडे चालले होते आणि दुभाजकावरच्या कण्हेरीला कापसाचे पुंजके लटकले होते.

गाडी जरा स्थिर झाल्यावर त्याने बोलायला सुरुवात केली. आधी लतिकाचं विचारलं. ती मायाची मुलगी, वर्ध्याला होस्टेलवर राहून नर्सिंग करत होती, शेवटचं वर्ष होतं. माया मागे बघतच 'बरी आहे' म्हणाली. मग तो मूळ गोष्टीवर आला. वरची खोली रिकामीच असते, रीनाची काही हरकत नाही, थोडे दिवस येऊन राहा, असं तो हळूहळू सांगत गेला. तिचं त्याच्याकडे लक्ष आहे की नाही, कळत नव्हतं.

"डाव्या अंगानं गड्डा आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "थोडं उजवीकडे. बस्स."

"माया, मी तुह्याशी बोलून राहिलो."

"ऐकून राहिली दादा."

"तुले तो त्रास देते का?"

ती क्षणभर वळली. "कोण, हे?" असं म्हणून तिने भावाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने परक्याच कोणाबद्दल विचारलं होतं. लगेच ती परत मागे वळली. "दादा ब्रेक मारते आता. पुढं ट्रक आहे. दाबा. अजून दाबा."

धम्मानंदने खरोखरच ब्रेकवर पाय ठेवला होता. त्याने आरशात पाहिलं. पिकअप दोराच्या अंतरावर नीट थांबली होती. संघपाल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसला होता, मान किंचितही इकडेतिकडे न करता.

पुढे बराच वेळ असंच चाललं. तो एक वाक्य बोलायचा आणि तिचं उत्तर दुसऱ्यालाच जायचं. बैलबंडी आहे, सावकाश. मोटारसायकलवाला घुसते, तुम्ही सरळच ठेवा. एकदा ती म्हणाली, "उजव्या अंगानं ट्रॅव्हल्स येऊन राहिली. तुमाले दिसणार नाही, घाबरू नका." धम्मानंदने ते ऐकलं. पुढे आपली उंच गाडी असताना मागच्याला काय दिसणार, असं त्याला वाटलं.

हिंगणघाटच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं. रस्ता अडवून वाहनं डावीकडच्या कच्च्या वाटेवर उतरवली होती. वळणावर लाल-पांढरी पिंपं मांडलेली होती. धम्मानंदने वेग कमी केला आणि इंडिकेटर दिला.

"आता डावीकडे वळायचं आहे," माया फोनमध्ये म्हणाली. "डावीकडे. ऐकू येते का?" तिने फोन कानापासून काढून पाहिला आणि पुन्हा लावला. "हॅलो. अहो. डावीकडे."

एसयूव्ही उतारावर वळली. पिकअप वळली नाही. ती सरळ पिंपांवर गेली. दोर आडवा ताणला गेला आणि एसयूव्हीचा मागचा भाग फरफटत बाजूला ओढला गेला. धम्मानंदने पूर्ण जोराने ब्रेक दाबला. एक पिंप उडालं. कच्च्या वाटेने येणारी मोटारसायकल ताणलेल्या दोरापासून हातभर अंतरावर थांबली आणि कलंडली.

मोटारसायकलवर नवरा-बायको होते. लागलं कोणालाच नाही. माणसाने गाडी उभी केली, धम्मानंदला शिव्या दिल्या, आणि तो काहीच बोलत नाही हे बघून आणखी चार दिल्या.  मागे बसलेल्या बाईची एक चप्पल मातीत पडली होती. मायाने ती उचलली, पदराने पुसली आणि तिच्या पायाशी नेऊन ठेवली.

मोटारसायकल गेल्यावर धम्मानंद मागे आला. संघपाल खाली उतरून बॉनेटवर तळवा टेकून उभा होता.

"झोप लागली का?"

"नाही भाऊ."

"मंग? एवढी मोठी गाडी समोर. वळताना दिसली नाही तुमाले?"

"नाही दिसली," संघपाल म्हणाला.

धम्मानंद पुढच्या शब्दांची वाट बघत राहिला. फोन कट झाला, ऊन डोळ्यावर आलं, असं काहीतरी तो सांगेल असं त्याला वाटलं होतं. संघपालने तसं काही सांगितलं नाही. शेजाऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलावं तशा आवाजात त्याने सांगितलं, की उजवा डोळा पुरता गेला आहे. डाव्याने दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं. समोर असेल तेवढंच. गाडी वळली की नळीतून निघून जाते. काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलं टिकावं म्हणून थेंब घालायचे, पण तेही टिकेलसं दिसत नाही.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि तुम्ही हायवेवर गाडी चालवून राहिले?"

"हाव."

"माह्या बहिणीले बाजूले बसवून."

संघपालने मान खाली घातली. पलीकडून माया आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"त्यांनी नाही बसवलं," ती म्हणाली. "मी बसली."

मग तिनेच सगळं सांगितलं, फारसं थांबली नाही. डॉक्टरकडून आले त्या दिवशी संघपालने गाडीची चावी भिंतीवरच्या फळीवर, बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवली होती. आता पुरे, म्हणाला होता. रात्री जेवलाही नव्हता. सकाळी तिनेच ती चावी उचलून त्याच्या हातात दिली. लतिकाची दोनच वर्षं राहिली आहेत, ती होईपर्यंत तरी चालवा. हात तुमचे, डोळे माझे. तो नको म्हणत राहिला आणि ती गाडीत जाऊन बसली. उजेडातच निघायचं, अंधारायच्या आत यायचं. कोणत्या गावापाशी गतिरोधक आहे, कुठे ढोरं आडवी येतात, सगळं तिने पाठ करून घेतलं होतं.

"आजही मी रस्ताच पाहून राहिली होती," ती म्हणाली. "पाणी गरम झाल्याचा काटा त्यांच्या बाजूले असते. तो पाहायचा राहिला."

पुलावरच्या कामगारांनी पिंप जागेवर आणून ठेवलं आणि गाडी बाजूला घ्या म्हणून हात केला. धम्मानंदने वाटभर जुळवलेली वाक्यं अजून त्याच्या तोंडात होती. कोणासाठी जुळवली होती, तेच आता कळेना.

"कोणी मेलं असतं, माया."

"मालूम आहे," ती म्हणाली. "रोज मालूम राहायचं."

त्याने एका क्रेनवाल्याला फोन लावला. आज जमणार नाही, उद्या बघू, असं उत्तर आलं. दुसऱ्याने उचललाच नाही. गाडी इथे सोडून गेलं तर सकाळपर्यंत चाकंसुद्धा राहायची नाहीत, हे त्याला कामगारांनीच सांगितलं. गाड्या दोन होत्या आणि चालवू शकणारा तो एकटाच होता. तो दोराजवळ उभा राहून एकदा पुढे, एकदा मागे बघत होता, तेवढ्यात मायाने पिकअपचं दार उघडलं आणि ती स्टिअरिंगवर बसली.

"उतर खाली."

"गेर नाही, रेस नाही. नुसतं धरून ठेवायचं आहे," ती म्हणाली. "रस्ता मले दिसते. बाकी हे सांगतीन."

 गाडीच्या अंगावरून हात फिरवत संघपाल पलीकडे गेला, दार चाचपून उघडलं आणि ती वर्षभर बसत होती त्या जागी बसला.

त्याशिवाय दुसरं काही धम्मानंदलाही सुचलं नाही. कच्च्या वाटेवर त्यांनी दोनदा थांबून, चालून पाहिलं. पहिल्यांदा तिने ब्रेक इतका उशिरा दाबला की पिकअपचं नाक एसयूव्हीला टेकलं. दुसऱ्यांदा जमलं. मग ते पुन्हा हमरस्त्याला लागले, अगदी डाव्या कडेने, सायकलच्या वेगाने.

आता त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. तो रस्त्याइतकंच आरशात बघत होता. मायाचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला घट्ट धरलेले, मान पुढे आलेली. संघपालचं तोंड तिच्याकडे वळलेलं आणि ओठ हलत होते. तो काय सांगत होता, हे धम्मानंदला ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला दोर सारखा ढिला पडून हिसके बसायचे. जामच्या पुढे हिसके कमी झाले. चढावर क्लचचा जळका वास आला, म्हणून तो थांबला आणि उतरून मागे गेला. माया घामाने भिजली होती. ती म्हणाली, ब्रेक कधी मारायचा ते यांना बसल्या जागी कळतं; दोर ढिला पडला की पायाखाली वेगळंच लागतं. संघपाल समोरच्या काचेकडे बघत होता. त्याने पाणी मागितलं. धम्मानंदने बाटली त्याच्या हाताला लावली.

सूर्य डाव्या बाजूला खाली गेला. बुटीबोरीच्या कारखान्यांच्या बसगाड्या सुटल्या होत्या. प्रत्येक चौकात मागून हॉर्न वाजले, लोकांनी काचा खाली करून हातवारे केले. ते वाडीला पोचले तेव्हा गोदामांवरचे दिवे लागले होते.

भैयाजींचं गॅरेज ट्रकच्या रांगांमागे होतं. संघपालची गाडी नवीन होती तेव्हापासून तेच बघत. त्यांनी बॉनेट उघडलं, तेलाचं झाकण काढून वास घेतला, पान्याने इंजिन फिरवून पाहिलं. ते हललं नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. जे सांगायचं ते त्यांनी संघपालला न सांगता धम्मानंदला सांगितलं. आतलं सगळं वितळून एकमेकाला धरलं आहे, उघडण्यात अर्थ नाही. कबाडवाला येईल, तो नेईल.

मायाने विचारलं, की दुसरं इंजिन बसत नाही का. भैयाजी म्हणाले, गाडीच म्हातारी झाली, बसवून काय करणार. तिने तेच दुसऱ्या शब्दांत विचारलं, मग तिसऱ्यांदा. भैयाजी कापडाने बोटं पुसत राहिले.

संघपाल तोवर केबिन रिकामी करत होता. ताडपत्री, पाण्याची कॅन, बाबासाहेबांचा छोटा फोटो, एक फाटका स्वेटर. सीटखाली हात घालून त्याने कोपरे चाचपले. सगळं एका पोत्यात भरलं आणि पोतं मायाच्या पायाशी नेऊन ठेवलं. ती भैयाजींशीच बोलत होती.

धम्मानंद दोर सोडत होता. संघपाल एसयूव्हीच्या बाजूला हात लावत त्याच्याजवळ आला.

"भाऊ?"

"इथंच आहो."

संघपालने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन काढलं आणि पुढे केलं. हात थोडा बाजूला गेला होता. धम्मानंदने आपला हात तिकडे नेला.

"हे तुमच्यापाशी ठेवा."

"काहून?"

"माया मागन. देऊ नका," संघपाल हळू आवाजात म्हणाला. मग जरा थांबून, "मी मागतलं तरी देऊ नका."

धम्मानंदने लायसन खिशात टाकलं. दोघांनी आज सक्करदऱ्याला यावं, जेवावं, राहावं, असं तो म्हणाला. माया म्हणाली, आज नको. तिने पोतं डोक्यावर घेतलं, संघपालने तिच्या कोपराला धरलं, आणि ते ट्रकच्या मधल्या बोळातून आपल्या खोलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी धम्मानंद ऑफिसात होता. दुपारच्या चहाच्या वेळी तिचा फोन आला. आवाज कालच्यापेक्षा बरा होता. ती कळमन्यातूनच बोलत होती, मागे हमालांचा गलका ऐकू येत होता.

"दादा, इथं एकाची गाडी उभी आहे. त्याचा ड्रायव्हर गावाले निघून गेला. थोड्या दिवसासाठी देतो म्हणते, फक्त लायसन दाखवा म्हणते. यांचं सापडूनच नाही राहिलं. काल तुह्या गाडीत पडलं का, पाह्य न जरा."

"संघपालजी काय म्हणतात?"

"ते काय म्हणतीन," ती म्हणाली. "ते घरी झोपून आहेत. तू पाह्य."

लायसन त्याच्या खिशातच होतं, सकाळी शर्ट बदलताना त्याने ते जुन्या खिशातून नव्यात घातलं होतं. गाडीत नाही, असं तो जागेवरूनच म्हणू शकला असता. पण तो उठला, जिना उतरला आणि ऑफिसच्या मागे झाडाखाली लावलेल्या गाडीपाशी गेला. फोन कानाला धरूनच त्याने दार उघडलं. पायाखालची मॅट उचलून झटकली. डॅशबोर्डचा कप्पा ओढला, आतले कागद वरखाली केले, बंद केला. सीट पुढे सरकवली, मागे सरकवली.

"आहे का?"

"नाही वं, माया. इथं नाही."

पलीकडे कोणीतरी तिला बाजूला हो म्हणालं.

"मांगच्या सीटवर पाह्य न, दादा. एकडाव."

धम्मानंदने मागचं दार उघडलं.